चांगला पिचर एखाद्या हंगामात का अडखळतो: कारण शोधण्याची रीत

गेल्या वर्षी ज्याच्या चेंडूला बॅट लागता लागत नव्हती, तोच पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये बॅटरकडे चेंडू टाकणारा मुलगा, यंदा दुसऱ्या इनिंगमध्ये बदलावा लागतो आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक, सोबती, पुष्कळदा क्रीडाशिक्षकही एकच निदान करतात: पोराचा आत्मविश्वास गेला. नाशिकमध्ये शालेय बेसबॉल पाहणाऱ्यांच्या कानांवरून हे वाक्य नक्की गेले असेल. हे निदान कधीकधी खरेही असते. परंतु ते सर्वांत आधी केले जाते आणि तिथेच घात होतो, कारण एकदा मनाला दोष दिला की स्कोअरबुक, हात आणि पाऊल तपासण्याचे कष्ट कोणी घेत नाही. म्हणून पुढील मार्गदर्शनात मनाचा क्रम मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

गोल्फ क्लबच्या म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामने पाहिलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. क्रिकेटच्या गोलंदाजाला खेळपट्टीची साथ मिळते. चेंडू खाली राहतो, उसळतो, वळतो. पिचरचा चेंडू जमिनीला टेकतच नाही. १८९३ पासून ठरलेल्या ६० फूट ६ इंचांवरून, म्हणजे १८.४४ मीटरवरून, त्याला बॅटरजवळ जमिनीत बसवलेल्या १७ इंच रुंदीच्या प्लेटवरून चेंडू टाकायचा असतो आणि त्याच्या हाती तीनच गोष्टी असतात: वेग, जागा आणि चेंडूची हवेतील हालचाल. या तिन्हींपैकी नेमके काय बिघडले, की काहीच बिघडलेले नसून केवळ निकाल वाईट लागत आहेत, हे ठरवणे हे आपले पहिले काम.

स्कोअरबुकापासून सुरुवात करावी

जय-पराजयाचा आकडा बाजूला ठेवावा. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघाच्या नोलन रायनच्या नावावर ८ विजय आणि १६ पराभव लागले, परंतु त्याच हंगामात त्याची अर्न्ड रन सरासरी (क्षेत्ररक्षकांच्या चुकांशिवाय गेलेल्या धावांची दर सामन्याची सरासरी; कमी तितकी चांगली) २.७६ होती, म्हणजे मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या नॅशनल लीग विभागात सर्वांत चांगली, आणि त्याचे २७० स्ट्राइकआऊटही (तीन स्ट्राइक, म्हणजे बॅटरला हुकलेले किंवा योग्य क्षेत्रातून गेलेले चेंडू, टाकून बाद केलेले बॅटर) त्या लीगमध्ये सर्वाधिक होते. त्याच्या संघाने त्याला धावाच दिल्या नाहीत. रायनचे वय तेव्हा चाळीस होते. केवळ पराभव मोजणाऱ्याने त्याला निवृत्तीचा सल्ला दिला असता.

अर्न्ड रन सरासरीही पूर्ण सत्य सांगत नाही. अर्न्ड रनला ९ ने गुणून इनिंगच्या संख्येने भागले की ती मिळते, आणि सात इनिंगच्या सामन्यांसाठी ९ ऐवजी ७ घ्यावेत. पण या धावांमध्ये क्षेत्ररक्षकांचा आणि निव्वळ योगायोगाचा वाटा मोठा असतो. वोरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने २००१ मध्ये मांडलेला विचार असा, की पिचरचा खरा ताबा मुख्यतः स्ट्राइकआऊट, वॉक (चार चेंडू बाहेर गेल्याने बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस, म्हणजे धावण्याचा पहिला थांबा) आणि होमरन (मैदानाबाहेर गेलेला फटका) यांवर असतो. मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट, म्हणजे बॅटर सुखरूप बेसवर पोहोचेल असे फटके, ठरतील यावर तो फारच कमी असतो. मेजर लीगमध्ये हे प्रमाण ०.३०० च्या आसपास घुटमळते. समजा, आपल्या पिचरच्या बाबतीत १०० चेंडू मैदानात गेले आणि ३० ऐवजी ३६ हिट झाले. हे सहा जादा हिट हंगाम नासवायला पुरेसे असतात, आणि तरीही एवढा फरक केवळ योगायोगानेही सहज पडू शकतो. आपल्याकडची मैदाने खडबडीत, शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) पुढ्यात चेंडू अचानक उसळणार. त्यामुळे मेजर लीगचा आकडा इथे लावू नये. त्याच संघाच्या दुसऱ्या पिचरचे प्रमाण काढून त्याच्याशी तुलना करावी, म्हणजे क्षेत्ररक्षण आणि मैदान दोघांसाठी सारखेच राहते.

म्हणून वही अशी भरावी. प्रत्येक चेंडूसाठी चार नोंदी पुरतात: चेंडूचा प्रकार, तो कुठे गेला (स्ट्राइकच्या क्षेत्राच्या नऊ चौकोनांपैकी कोणता, किंवा बाहेर कोणत्या बाजूला), त्या वेळचा काऊंट (त्या बॅटरला तोवर पडलेले बाहेरचे चेंडू आणि स्ट्राइक) आणि परिणाम. प्रत्येक इनिंगच्या शेवटी एकूण चेंडूंची संख्या लिहावी. हे काम राखीव खेळाडूला द्यावे, पालकाला नको. आपल्या मुलाचा बाहेर गेलेला चेंडू पालकाच्या पेन्सिलीला स्ट्राइक दिसतो. मग दोन्ही हंगामांचे तीन आकडे समोरासमोर ठेवावेत: आलेल्या बॅटरांपैकी किती जणांना स्ट्राइकआऊट केले, किती जणांना वॉक दिला आणि किती जणांना पहिलाच चेंडू स्ट्राइक पडला. हे तिन्ही आकडे गेल्या वर्षीसारखेच असतील आणि धावा मात्र वाढल्या असतील, तर पिचरला हात लावू नये. क्षेत्ररक्षणाचा सराव घ्यावा, कॅचरने, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याने, कोणते चेंडू मागितले ते पाहावे आणि वाट पाहावी. वाट पाहणे हादेखील निर्णय असतो, आणि प्रशिक्षकाला तो सर्वांत जड जातो.

वॉकचा आकडा किती बोलका असतो, हे क्लिफ लीच्या दोन हंगामांत दिसते. क्लीव्हलँडच्या या डावखुऱ्या पिचरचे २००७ हे वर्ष पोटाच्या स्नायूच्या दुखापतीने सुरू झाले, सरासरी ६.२९ वर गेली आणि त्याला खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये धाडले गेले. त्या वर्षी त्याने ९७ इनिंगमध्ये ३६ वॉक दिले होते. पुढच्या वर्षी २२३ इनिंगमध्ये त्याने फक्त ३४ वॉक दिले, २२ सामने जिंकले, ३ हरले, आणि लीगमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार पटकावला.

हात: इथे घाई नको, पण उशीरही नको

वॉक वाढले असतील, वेग उतरला असेल किंवा चेंडू सातत्याने उंच जात असेल, तर पुढचा प्रश्न शरीराचा. हा भाग मी सर्वांत जास्त सांगणार आहे, कारण इथली चूक एका हंगामापुरती राहत नाही.

मुलाला थेट विचारले, "हात कसा आहे रे?" तर उत्तर ठरलेले असते: "ठीक आहे सर." त्याला संघातून वगळले जाण्याची भीती असते. त्याऐवजी रोजच्या कामांबद्दल विचारावे. सकाळी दात घासताना कोपर दुखते का? दप्तर हल्ली कोणत्या खांद्यावर घेतोस? सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी शर्ट डोक्यावरून काढताना हात अडतो का? सायकलचा ब्रेक दाबताना काही जाणवते का? या प्रश्नांची उत्तरे मुले खरी देतात, कारण त्यांत आपण कुठे अडकतो हे त्यांना कळत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल, तर त्या दिवशी चेंडू टाकणे बंद करावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढत्या वयात तिथल्या हाडाची वाढीची जागा अजून कूर्चेची, म्हणजे नाजूक असते आणि वारंवारच्या ताणाने ती दुखावते. मोठ्या खेळाडूंमध्ये हाच ताण कोपराच्या आतल्या अस्थिबंधावर येतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ज्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया केली, तो हाच. जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला आणि त्याने आणखी १६४ सामने जिंकले, हे खरे आहे; पण हा दाखला मुलाला धीर देण्यासाठी वापरावा, त्याला अधिक चेंडू टाकायला लावण्यासाठी नव्हे.

आता चेंडूंची मोजणी. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये जाहीर केलेल्या पिच स्मार्ट मार्गदर्शक सूचनांनुसार १३ ते १६ वयाच्या पिचरने दिवसाला ९५ पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत. १५-१६ वर्षांच्या मुलाने ३१ ते ४५ चेंडू टाकले तर एक दिवस, ४६ ते ६० टाकले तर दोन, ६१ ते ७५ टाकले तर तीन आणि त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. १३-१४ वयासाठी या पायऱ्या आणखी खाली येतात आणि ६६ चेंडूंपासूनच चार दिवस लागतात. हे आकडे आपल्या स्पर्धांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावेत. जिल्ह्याची किंवा विभागाची स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकली जाते, आणि ज्याच्या जिवावर संघ पुढे जातो त्याच मुलाला लागोपाठ सामन्यांत उभे केले जाते. अशा स्पर्धेनंतरच्या महिन्यात त्याचा वेग उतरला, तर कारण शोधायला लांब जायला नको. संघात किमान तीन पिचर तयार करणे हा यावरचा एकमेव प्रामाणिक उपाय आहे, आणि जो प्रशिक्षक तो करत नाही त्याने मुलाच्या अपयशाची चर्चा करू नये.

पिचिंगच्या वहीत न येणारे फेकणेही मोजावे. आपल्याकडचा गुणी मुलगा सहसा एकच खेळ खेळत नाही. तो शाळेसाठी बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळतो, रविवारी टेनिस चेंडूचे क्रिकेट खेळतो, आणि पिचिंग नसेल त्या सामन्यात हात चांगला म्हणून त्याला कॅचर केले जाते. पिचर आणि कॅचर या दोन्ही जागांवर एकाच मुलाला खेळवणे टाळावे असे वरील सूचनांतही म्हटले आहे, कारण कॅचरही सामनाभर फेकतच असतो. आठवड्याचे सगळे फेकणे एका पानावर मांडले की पुष्कळ पालकांना पहिल्यांदाच खरे चित्र दिसते.

नाशिकच्या हवामानाचा एक भाग यात मिसळतो. जून ते सप्टेंबर मैदाने ओली राहतात, सराव तुटक होतो, आणि मग स्पर्धेची तारीख आली की पंधरा दिवसांत सगळा सराव भरून काढायची धडपड सुरू होते. वर्षातून सलग दोन-तीन महिने फेकण्यापासून विश्रांती मिळणे हिताचेच आहे. धोका विश्रांतीत नसून तिच्यानंतरच्या उडीत आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगावे लागणार नाही: ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जे घड दिसतात, त्यांची सूक्ष्म घडनिर्मिती एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच होऊन गेलेली असते, आणि तेव्हा दुर्लक्ष झाले असेल तर हंगामात कितीही खत घालून घड वाढत नाहीत. पिचरचेही पाय, कंबर आणि खांद्यामागचे स्नायू पावसाळ्यात बंद सभागृहात, चेंडू न टाकता तयार करता येतात. त्यानंतर पहिल्या आठवड्यात कमी अंतरावरून थोडे चेंडू, मग अंतर, मग संख्या आणि सर्वांत शेवटी पूर्ण जोर, अशा क्रमाने चढत जावे.

पाऊल आणि चेंडू सुटण्याची जागा

हात निरोगी असल्याची खात्री झाल्यावरच फेकण्याची पद्धत तपासावी. महागडी साधने लागत नाहीत. सरावापूर्वी पिचरच्या पुढची माती झाडूने सपाट करावी, पंधरा चेंडू टाकू द्यावेत आणि मग वाकून पुढच्या पावलाच्या खुणा पाहाव्यात. ताब्यात असलेल्या पिचरच्या मुरमात एकच खोलगा पडतो, त्याची कड ठसठशीत असते आणि बोटे प्लेटच्या दिशेला असतात. बिघडलेल्या पिचरच्या खुणा वीतभर पसरलेल्या असतात. काही आडव्या, काहींत टाच घसरल्याची रेघ. उजव्या हाताचा पिचर तिसऱ्या बेसच्या बाजूला फार आडवे पाऊल टाकू लागला, तर त्याला शरीर ओढून आणावे लागते आणि चेंडू कधी बाहेर, कधी बॅटरच्या अंगावर जातो. पाऊल आखूड पडू लागले असेल, तर बहुधा पाय थकलेले असतात.

मग मोबाइलने दोन बाजूंनी चित्रण करावे: एकदा कॅचरच्या मागून जाळीआडून आणि एकदा पिचरच्या छातीच्या बाजूने, म्हणजे उजव्या पिचरसाठी तिसऱ्या बेसकडून. मंद गतीने पाहताना पुढचे पाऊल टेकते त्या क्षणी थांबावे. हात वर आलेला आहे की अजून मागे लोंबतो आहे? उशिरा येणारा हात चेंडू उंच सोडतो. फास्टबॉल (वेगवान चेंडू) आणि कर्व्ह (वळत खाली पडणारा चेंडू) यांच्या वेळी चेंडू सुटण्याची जागा सारखी आहे का, हेही ताडून पाहावे. गेल्या वर्षीचे चित्रण हाती असेल तर त्याची किंमत कोणत्याही पुस्तकी नमुन्यापेक्षा जास्त आहे, कारण मुलाला दुसऱ्या कोणासारखे नव्हे, तर चांगल्या दिवसांतल्या स्वतःसारखे व्हायचे असते. मात्र त्या वर्षात तो वीतभर उंच झाला असेल, तर जुनी पद्धत जशीच्या तशी परत येणार नाही. वाढलेल्या हातापायांना नवा ताल सापडायला काही महिने लागतात, आणि हे पालकांना बसवून सांगावे.

माऊंडचाही, म्हणजे पिचर ज्यावरून चेंडू टाकतो त्या मातीच्या उंचवट्याचाही, विचार करावा. नियमाप्रमाणे माऊंड १० इंच उंच असतो, आणि पिचरच्या पट्टीपुढे सहा इंचांपासून दर फुटाला एक इंच असा उतार असतो. आपल्याकडच्या बहुतेक शालेय मैदानांवर असा माऊंड रचलेला नसतो. सपाट जमिनीवर सराव केलेला मुलगा मोठ्या स्पर्धेत माऊंडवर चढला की त्याचे पाऊल अपेक्षेपेक्षा उशिरा टेकते आणि सगळे चेंडू उंच जातात. अशा वेळी दोष मुलाचा नसतोच. लाकडी फळ्यांचा उताराचा मंच कोणताही सुतार तयार करून देतो. स्पर्धेपूर्वी त्यावर सराव व्हायला हवा.

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पारा पुष्कळदा १० अंशांखाली जातो. त्या दिवसांत बोटे कोरडी पडतात आणि कर्व्ह बोटांतून निसटतो. तेव्हा शरीर तापवण्याचा वेळ वाढवावा, पकडीसाठी रोझिनची (राळेच्या भुकटीची) पिशवी जवळ ठेवावी आणि त्या सामन्यांचे आकडे वहीत वेगळे लिहावेत. उंचीचा परिणाम त्यामानाने किरकोळ आहे: नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असल्याने हवा मुंबईपेक्षा किंचित विरळ आहे, कर्व्ह बोटभर कमी वळतो, एवढेच.

समोरचे बॅटर शिकले आहेत का?

कधीकधी पिचर तसाच असतो आणि बाकीचे पुढे गेलेले असतात. जिल्ह्यात ठरावीक संघ वर्षानुवर्षे एकमेकांशी खेळतात. पहिल्या वर्षी गुडघ्याखाली पडणाऱ्या कर्व्हवर बॅट फिरवणारे बॅटर दुसऱ्या वर्षी तो सोडून देतात, काऊंट पिचरच्या विरुद्ध जातो आणि नाइलाजाने मधोमध टाकलेल्या फास्टबॉलवर तडाखा बसतो. वहीत प्लेटबाहेरच्या चेंडूंवर किती वेळा बॅट फिरली ते मोजावे. हा आकडा उतरला असेल तर कर्व्ह आधी स्ट्राइकसाठी टाकायला शिकवावा. फास्टबॉल आणि चेंजअप (तशाच हालचालीने टाकलेला मंद चेंडू) यांच्या वेगांतले अंतरही पाहावे. टिम लिन्सकमने २००८ आणि २००९ मध्ये सलग दोनदा साय यंग पुरस्कार मिळवला होता. २०१२ पर्यंत त्याचा फास्टबॉल ताशी चारेक मैलांनी मंदावला आणि त्या हंगामात १० विजय, १५ पराभव व ५.१८ ची सरासरी त्याच्या वाट्याला आली. फास्टबॉल मंदावला आणि चेंजअप तसाच राहिला, की बॅटरला दोन्हींसाठी एकच वेळ साधता येते.

पिचर आपला चेंडू आधीच उघड करत नाही ना, हेही पाहायला हवे. चेंजअपसाठी बोटे पसरताना ग्लोव्ह फुगतो, कर्व्हच्या वेळी मनगट ग्लोव्हमध्ये खोल जाते, आणि दुसऱ्या बेसवरचा धावपटू हे सगळे पाहत असतो. २०१७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, पिचर यू दार्विश दोन्ही सामन्यांत दुसऱ्या इनिंगमध्येच बाहेर पडला, तेव्हा तो चेंडूवरची पकड बदलताना प्रकार उघड करत होता असे नंतर प्रसिद्ध झाले. त्याच प्रतिस्पर्धी संघाने त्या हंगामात कॅमेऱ्याच्या साहाय्याने कॅचरच्या खुणा चोरल्याचे २०२० च्या चौकशीत निष्पन्न झाले, त्यामुळे हे उदाहरण जपूनच वापरावे. आपल्याकडे तपासण्याची रीत सोपी आहे: संघातल्या दोन चौकस मुलांना दुसऱ्या बेसवर उभे करून चेंडू सुटण्याआधी प्रकार ओळखायला सांगावे. ती दहापैकी सात-आठ वेळा बरोबर निघाली, तर फलंदाजांनाही ते कळत असणार.

आता मन

वरचे सगळे तपासून झाले आणि तरीही बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, अचूक पडणारा चेंडू सामन्यात कुठेही जातो आहे, तेव्हाच मनाकडे वळावे. असे घडते. १९७१ च्या वर्ल्ड सिरीजचा नायक आणि १९७२ मध्ये १९ सामने जिंकणारा पिट्सबर्गचा स्टीव्ह ब्लास १९७३ मध्ये ८८ इनिंगमध्ये ८४ वॉक देऊन बसला, सरासरी ९.८५ झाली आणि त्याच्या हातात कोणताही दोष सापडला नाही. अशा मुलाला "डोके शांत ठेव" हे सांगून काही साधत नाही; त्याला करण्याजोगे एक लहान काम द्यावे. श्वास सोडणे, कॅचरच्या ग्लोव्हचा एकच ठिपका पाहणे, टाकणे, आणि पुन्हा तेच. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात कडेवरून सूचना देणे सर्वांनी बंद करावे, विशेषतः वडिलांनी. घरी परतताना गाडीत सामन्याचा विषय मुलाने काढला तरच बोलावे.

दुरुस्ती करताना

कारण सापडले की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिला किमान तीन-चार आठवडे द्यावेत. पाऊल, पकड आणि हाताचा कोन एकाच आठवड्यात बदलले, तर कशाने फरक पडला ते कोणालाच कळत नाही. बदल मोठा असेल तर तो सामन्यांपासून दूर करावा. टोरांटोच्या रॉय हॅलडेची सरासरी २००० मध्ये १०.६४ झाली, तेव्हा त्याला २००१ च्या सुरुवातीला थेट सर्वांत खालच्या थरांपैकी असलेल्या क्लास ए संघात पाठवण्यात आले. त्या काळात प्रशिक्षक मेल क्वीन यांच्यासोबत त्याने सरळ वरून येणारा हात खाली, तिरका आणला, आणि सरळ जाणाऱ्या फास्टबॉलऐवजी हलणारे चेंडू आत्मसात केले. त्याच वर्षी तो परतला. २००३ आणि २०१० मध्ये त्याने साय यंग पुरस्कार मिळवला. मोठ्या थरावरून खाली येणे ही शिक्षा नसून कामाची जागा आहे, हे त्याला पटवून देणारे लोक भेटले, हे त्याचे भाग्य. आपल्या मुलालाही काही काळ सराव सामन्यांतच खेळवायचे असेल, तर कारण आणि परतीची अट त्याला स्पष्ट शब्दांत सांगावी.

परत आणताना आधी दोन इनिंग आणि ३० चेंडूंची मर्यादा ठेवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीही हात ताजा राहतो. त्या दोन इनिंगमध्ये किती धावा गेल्या याकडे पाहू नये. किती बॅटरांना पहिला चेंडू स्ट्राइक पडला, एवढेच मोजावे. मेजर लीगमध्ये हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास असते, शालेय पिचरला निम्म्याच्या वर गेले तरी पुरे. सलग तीन सामन्यांत ते टिकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना कोपर दुखले नाही, तर चौथ्या सामन्यात त्याला सुरुवातीचा पिचर म्हणून उतरवावे.